चॅनलनं नाकारलं की सरकारनं बंदी घातली?

अमेरिकन गायिका मॅडोनाच्या 'जस्टिफाय माय लव्ह' या गाण्याच्या व्हिडिओचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "त्या गाण्यावर अमेरिकेत बंदी होती." नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या गप्पांत, पत्रकारितेच्या मुलांच्या प्रकल्पांत, पुरवण्यांच्या 'वादग्रस्त गाणी' छाप लेखांत, सगळीकडे हेच. हे वाक्य चुकीचं आहे. अमेरिकेच्या सरकारनं, न्यायालयानं किंवा नियामकानं त्या व्हिडिओला हातही लावला नव्हता. एका खासगी केबल चॅनलनं तो दाखवायला नकार दिला, एवढंच घडलं.

सरकारी बंदी काय असते हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. आदेश निघतो, त्यात कायद्याचं कलम असतं, मोडला तर कारवाई होते. पुस्तकांच्या आणि नाटकांच्या बाबतीत महाराष्ट्रानं हे पुरेसं पाहिलं आहे. गडबड होते ती दुसऱ्या गोष्टीत, म्हणजे प्रक्षेपण नाकारण्यात. बाहेरून दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो: टीव्ही लावला आणि गाणं दिसलं नाही. म्हणून दोन्हींना एकच शब्द चिकटवला जातो.

आधी १९९० सालचा घटनाक्रम नीट पाहू. फ्रेंच छायाचित्रकार झां-बातीस्त माँदिनोनं हा कृष्णधवल व्हिडिओ पॅरिसमधल्या एका हॉटेलात चित्रित केला होता. त्यात नग्नतेची झलक होती, स्त्रियांमधली जवळीक होती, बांधून घेण्याच्या लैंगिक खेळाचे इशारे होते. नोव्हेंबरच्या अखेरीस एमटीव्ही या संगीत चॅनलनं तो पाहिला आणि आपण दाखवणार नाही असं सांगितलं. ३ डिसेंबरला एबीसी वाहिनीच्या 'नाइटलाइन' या रात्रीच्या बातम्यांच्या कार्यक्रमात तोच व्हिडिओ पूर्ण दाखवला गेला आणि त्यावर मॅडोनाची मुलाखतही झाली.

इथे थांबायला हवं, कारण सगळा उलगडा याच ठिकाणी होतो. अमेरिकेत अश्लीलतेपेक्षा सौम्य, पण असभ्य मानल्या जाणाऱ्या दृश्यांबद्दल फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचे जे नियम आहेत, ते हवेतून लहरींद्वारे प्रक्षेपण करणाऱ्या वाहिन्यांना लागतात. केबल चॅनलला ते लागत नाहीत. एबीसी हवेतून येणारी वाहिनी होती आणि एमटीव्ही केबलवरचं चॅनल. म्हणजे ज्याच्यावर नियमांचा धाक जास्त, त्यानं व्हिडिओ दाखवला. ज्याच्यावर तो धाक नव्हताच, त्यानं नाकारला. कायद्यानं बंदी असती तर हे बरोबर उलटं व्हायला हवं होतं.

पुढचं आणखी बोलकं आहे. तोच व्हिडिओ कॅसेटवर एकट्या गाण्याच्या रूपात ९.९८ डॉलरला दुकानांत विक्रीला आला. उघड, पावती देऊन, काउंटरवर. जानेवारी १९९१ मध्ये गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्यावर बंदी आहे ती वस्तू दुकानात मांडून विकता येत नाही. हा एक तपशील आठवला तरी 'बंदी होती' हे वाक्य पुन्हा लिहावंसं वाटणार नाही.

तेव्हा फरक दृश्यं किती भडक होती यात नाही आणि वाद किती मोठा झाला यातही नाही. निर्णय कुणी घेतला आणि तो कुणाकुणाला बांधतो, यात तो आहे. चॅनलचा नकार फक्त त्या चॅनलला बांधतो. शेजारचं चॅनल तेच गाणं त्याच रात्री दाखवू शकतं, दुकानदार विकू शकतो, प्रेक्षक घरी बसून पाहू शकतो. सरकारी आदेश मात्र त्याच्या कक्षेतल्या सगळ्यांना बांधतो. चॅनलच्या मालकाला गाणं मनापासून आवडत असलं तरीही.

दाद मागण्याचा रस्ताही इथूनच वेगळा होतो. आपल्याकडे सरकारनं बंदी घातली तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. मग सरकारला सांगावं लागतं की हा निर्बंध संविधानाच्या अनुच्छेद १९ मधल्या वाजवी निर्बंधांत कसा बसतो, सभ्यता आणि नीतिमत्तेचं कारण इथे कसं लागू पडतं. खासगी चॅनलनं गाणं घेतलं नाही तर 'माझं गाणं दाखवाच' असा हक्क कुणालाही नाही. काय दाखवायचं हे ठरवणं हे त्या चॅनलचं संपादकीय काम आहे. वर्तमानपत्रानं लेख परत पाठवला तर आपण 'लेखावर बंदी आली' म्हणत नाही, 'साभार परत' म्हणतो. व्हिडिओच्या बाबतीत हा साधा विवेक कुठे जातो, हे कळत नाही.

हा घोळ मराठी वाचकाच्या डोक्यात इतका का रुजला, याला मात्र एक खरं कारण आहे. १९९१-९२ मध्ये उपग्रह वाहिन्या येईपर्यंत नाशिककराच्या घरात टीव्ही म्हणजे दूरदर्शन. दाखवणाराही सरकारी आणि नियम करणाराही सरकारच. दूरदर्शननं एखादं गाणं वगळलं की ते देशभर टीव्हीवरून नाहीसं व्हायचं. रेडिओचंही तेच झालं होतं. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले, त्यानंतर आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. त्या काळात 'नाकारणं' आणि 'बंदी' यांत व्यवहारात अंतरच नव्हतं. आता दूरदर्शन-आकाशवाणी चालवणारी प्रसारभारती १९९७ पासून स्वायत्त आहे, शेकडो खासगी वाहिन्या आहेत. आपली भाषा मात्र एकाच वाहिनीच्या काळात अडकून पडली आहे.

मॅडोनाच्याच बाकीच्या प्रकरणांवरही सरसकट 'बंदी'चा शिक्का बसतो. ती झटपट वेगळी करून टाकू. 'लाइक अ प्रेअर' (१९८९) एमटीव्हीनं दाखवलं होतं. जळते क्रूस आणि चर्चमधली दृश्यं यांवरून धार्मिक संघटना खवळल्या तेव्हा माघार घेतली ती पेप्सीनं, स्वतःच्या जाहिरातीतून. 'इरॉटिका' (१९९२) एमटीव्हीनं मध्यरात्रीनंतर मोजून तीन वेळा दाखवलं. 'व्हॉट इट फील्स लाइक फॉर अ गर्ल' (२००१) हिंसेच्या कारणावरून एकदाच, रात्री उशिरा दाखवलं. 'अमेरिकन लाइफ' (२००३) इराक युद्धाच्या वेळी खुद्द मॅडोनानं मागे घेतलं. प्रायोजकाची माघार, वेळेची मर्यादा, कलाकाराची स्वतःची माघार: मराठीत यातल्या प्रत्येकाला शब्द आहेत, ते वापरावेत. चारांपैकी एकातही सरकार नाही.

आता आपल्याकडे पाहू, कारण इथे खरी बंदी घालण्याची यंत्रणा आहे आणि ती कशी चालते हे माहीत असलेलं बरं. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) अधिनियम १९९५ हा मुख्य कायदा. त्यातल्या कलम २० खाली केंद्र सरकार एखादा कार्यक्रम किंवा अख्खं चॅनल थांबवू शकतं. जानेवारी २००७ मध्ये एएक्सएन या वाहिनीवर दोन महिन्यांच्या बंदीचा आदेश निघाला, एप्रिलपासून एफटीव्हीवर (फॅशन टीव्ही) दोन महिन्यांचा, आणि मार्च २०१० मध्ये पुन्हा एफटीव्हीवर नऊ दिवसांचा. या तिन्हींना 'बंदी' म्हणणं अगदी बरोबर आहे. आदेश आहे, कलम आहे, मुदत आहे, आणि केबलवाल्याला चॅनल बंद ठेवण्यावाचून पर्याय नाही.

कलम १९ जिल्ह्याच्या पातळीवरचं आहे आणि ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा पोलीस आयुक्त यांना 'प्राधिकृत अधिकारी' म्हणून आपल्या हद्दीतल्या केबलचालकाला एखादा कार्यक्रम किंवा चॅनल दाखवण्यापासून रोखता येतं. कारण लागतं ते कार्यक्रम संहितेच्या, म्हणजे टीव्हीवर काय दाखवू नये याच्या नियमांच्या, भंगाचं, किंवा धर्म, वंश, भाषा, जात अशा मुद्द्यांवरून तेढ वाढण्याच्या शक्यतेचं. म्हणजे सिडको, सातपूर, पंचवटीत पोलीस आयुक्त. निफाड-येवल्याकडे प्रांत किंवा जिल्हाधिकारी. पण हा आदेश त्या अधिकाऱ्याच्या हद्दीपुरता आणि केबलचालकांपुरता असतो. त्यामुळे 'नाशिकमध्ये अमुक गाण्यावर बंदी' अशी बातमी आली की ती कुठल्या हद्दीत आहे हे बातमीतच लिहिलेलं असायला हवं. ते नसेल तर बहुधा एखाद्या संघटनेनं निवेदन दिलेलं असतं आणि मथळा लिहिणाऱ्यानं निवेदनालाच आदेश करून टाकलेलं असतं. बंदीची मागणी आणि बंदी यांत गल्लत करण्याची ही सवय सर्वांत जास्त नुकसान करते. गाणं बनवणाऱ्याला कार्यक्रमाचे आयोजक त्या मथळ्यावरूनच नकार कळवतात.

नकार आणि बंदी या दोन्हींच्या मधली एक भारतीय पायरी आहे, तिथेही अनेक जण घसरतात. २००६ पासून केबल नियमांत अशी तरतूद आहे की चित्रपट, चित्रपटगीत, ट्रेलर, म्युझिक व्हिडिओ किंवा अल्बम, देशी असो वा परदेशी, अनिर्बंध सार्वजनिक प्रदर्शनासाठी योग्य असल्याचं केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र असल्याशिवाय केबलवर दाखवता येत नाही. व्यवहारात यू किंवा यूए लागतं. ए, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालेला व्हिडिओ आहे तसा टीव्हीवर येत नाही. काटछाट करून, टीव्हीसाठी योग्य असं प्रमाणपत्र घेऊनच येतो. याला 'सेन्सॉरनं बंदी घातली' म्हणणं चूक. मंडळाचं काम प्रमाणपत्र देणं किंवा नाकारणं. नाकारलं, किंवा कापायला सांगितलेली दृश्यं मान्य नसली, तर अपील आहे. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरण रद्द झाल्यापासून ते थेट उच्च न्यायालयात जातं.

नाशिकमध्ये स्वतःचे अल्बम करणारे बरेच आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. गाणं म्युझिक चॅनलवर किंवा गावातल्या केबलवाल्याच्या स्थानिक चॅनलवर लावायचं असेल तर प्रमाणपत्राची प्रत हाताशी हवी. अर्ज मंडळाच्या मुंबईच्या विभागीय कार्यालयाकडे, ऑनलाइन. प्रमाणपत्र मिळतं ते त्या विशिष्ट प्रतीला. नंतर 'एवढा एकच शॉट बदलू' म्हणून नवं दृश्य घातलं तर ते पुन्हा मंडळाला कळवून मान्य करून घ्यावं लागतं. गाडी बहुतेक वेळा इथेच अडते: प्रमाणित प्रत एक आणि चॅनलला दिलेली प्रत दुसरी. चॅनल ती परत करतं आणि बाहेर बोभाटा होतो की गाण्यावर बंदी आली. म्हणून सुरुवातीलाच टीव्हीसाठी एक वेगळी, सौम्य प्रत संकलित करून तीच मंडळाकडे पाठवावी. यूट्यूबवर टाकायच्या प्रतीला हे प्रमाणपत्र लागत नाही. तिथे सरकारी बंदी आणायची तर ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली येते, आणि वयाची अट वगैरे ही त्या कंपनीची स्वतःची बाब.

बातमी तपासायला चार प्रश्न पुरतात. आदेश कुणाच्या सहीचा? कोणत्या कलमाखाली? किती काळासाठी? कुणावर? चारही उत्तरं मिळाली तर बिनदिक्कत 'बंदी' लिहा. पहिल्याच प्रश्नाला 'चॅनलनं सांगितलं' असं उत्तर आलं तर 'दाखवायला नकार दिला' लिहा. 'बॅन केलं' हा शब्द दोन्हींकडे खपतो म्हणून लोकांना सोयीचा वाटतो. नेमकं म्हणूनच तो टाळावा.

आणि एखादं गाणं टीव्हीवर नको असं खरोखर वाटत असेल तर निवेदनाचा फोटो काढून फिरवण्यापेक्षा केबल टीव्हीच्या २०२१ च्या नियमांतली तीन पातळ्यांची वाट धरावी. आधी थेट वाहिनीकडे लेखी तक्रार: चॅनलचं नाव, तारीख, घड्याळातली वेळ, गाण्याची ओळख आणि नेमकं कोणतं दृश्य. 'रोज संध्याकाळी लागतं' एवढंच लिहिलं तर त्यांना ते प्रक्षेपण शोधता येत नाही आणि तक्रार तिथेच पडून राहते. वाहिनीनं २४ तासांत पोच द्यायची असते आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे अपील करता येतं. तिला ६० दिवस मिळतात. त्यानंतरच प्रकरण केंद्र सरकारच्या देखरेख यंत्रणेकडे जातं.