गोळीचा साचा

गोळीचा साचा : वितळलेले शिसे ओतून बंदुकीची गोळी घडवण्याचे हातसाधन. सांडशीसारख्या दोन दांड्या, त्यांच्या टोकाशी धातूचे दोन ठोकळे, आणि ठोकळे मिटले की आत तयार होणारी गोळीच्या आकाराची पोकळी, अशी त्याची रचना असते. वरच्या छिद्रातून शिसे ओततात. छिद्रात थिजून राहिलेली शेपटी नंतर पात्याने कापून टाकतात. साच्यातून निघते ती केवळ गोळी. दारू, टोपी (ठोका बसताच पेटून दारू पेटवणारा भाग) व पितळी नळकांडे यांसह पुरे होणारे काडतूस ही वेगळी वस्तू होय.

उगम : साच्याची परंपरा बंदुकीहून जुनी मानावी की नाही, याविषयी एकमत नाही. ग्रीक व रोमन सैन्ये गोफणीसाठी बदामाच्या आकाराच्या शिशाच्या गोळ्या ओतत. मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने इ. स. पू. ३४८ मध्ये ऑलिंथस हे ग्रीक शहर घेतले, तेथील उत्खननात त्याचे नाव कोरलेल्या गोळ्या मिळाल्या. अक्षरे गोळीवर उठावाने येतात, म्हणजे ती साच्यात उलटी कोरलेली असणार. दोन भागांचा, एकाच वेळी अनेक गोळ्या देणारा साचा तेव्हा माहीत होता, हे यावरून बहुतेक अभ्यासक मान्य करतात. नेदरलँड्समधील व्हेल्सन येथील रोमन तळावरच्या काही गोळ्या मात्र वाळूत बोट खुपसून केलेल्या खळग्यांत घाईने ओतलेल्या असाव्यात, असे मत आहे. बंदुकीचा साचा या गोफणगोळ्यांच्या साच्यातून थेट आला असे काहींना वाटते. परंतु मधल्या शतकांचे दुवे फार विरळ आहेत. पंधराव्या शतकाच्या सुमारास हातबंदुकीसाठी शिशाची गोळी रूढ होत गेली, तेव्हा ओतकाम करणाऱ्यांनी आपल्या नेहमीच्या रीतीने हा साचा नव्याने घडवला असावा, हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

माप व घडण : कारखानदारीपूर्वी दोन बंदुकांच्या नळ्या क्वचितच एकसारख्या असत. म्हणून अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाचे कारागीर लांब रायफल विकताना तिच्याच मापाचा साचा सोबत देत. साचा हरवला तर नेमकी बसणारी गोळी मिळणे कठीण होई. नळीचे माप शिशावरूनच सांगत : एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक जिच्यात बसेल ती बारा बोअरची नळी. अशी गोळी सुमारे ३७.८ ग्रॅम वजनाची व १८.५ मिमी. व्यासाची भरते. आपल्याकडे ‘बारा बोअर’ हा शब्द सर्रास चालतो, त्याच्या मुळाशी हा हिशेब आहे.

पोकळी कोरण्याचे काम सर्वांत नाजूक. त्यासाठी कारागीर दांड्याच्या टोकाशी पोलादाचा लहान गोळा घडवी, कानशीने त्याला दाते पाडी आणि पाणी देऊन तो कडक करी. या कर्तकाला ‘चेरी’ म्हणतात. साच्याच्या दोन्ही भागांत आधी खळगे करून चेरी मध्ये धरायची, ती फिरवत राहायचे आणि ठोकळे हळूहळू आवळत न्यायचे. दोन्ही अर्ध्या एकाच वेळी कोरल्या गेल्याने त्या एकमेकींशी जुळतात. हे काम चुकले की गोळीवर शिवण उमटते. गोळी नळीहून किंचित लहान ठेवावी लागे. ब्रिटिश ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी सुमारे ०.७५ इंच, तर गोळी सुमारे ०.६९ इंच असे. रायफलीत गोळीभोवती तेलकट कापडाची चकती येई, म्हणून कापडाची जाडीही मापात धरावी लागे. हे सारे पाहता साचा ओताऱ्याच्या नव्हे, तर बंदूक घडवणाऱ्याच्या कसबात मोडतो.

साचा थंड असेल तर गोळी सुरकुतते. फार तापला तर तिच्यावर दहिवर पडल्यासारखी पांढुरकी छटा येते. शिसे ३२७° से. ला वितळते आणि थिजताना आकसते. अँटिमनी मिसळल्यास आकुंचन घटते व कठीणपणा वाढतो, त्यामुळे एकाच साच्यातून मिश्रधातूची गोळी शुद्ध शिशाच्या गोळीपेक्षा किंचित मोठी निघते. छापखान्यातील खिळ्यांची अक्षरे रेखीव उठत, तीही याच गुणामुळे. छापखान्यांच्या भंगारातील लिनोटाइप धातू (शिसे ८४, अँटिमनी १२, कथील ४ टक्के) हौशी ओतणाऱ्यांना हवाहवासा वाटतो तो यासाठीच.

घरगुती ओतकाम : अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात न्यूयॉर्कमधील ब्रिटिश राजा तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा पुतळा ९ जुलै १७७६ रोजी पाडण्यात आला. त्याचे तुकडे कनेटिकटमधील लिचफील्ड येथे नेऊन ऑलिव्हर वोलकॉट यांच्या घरी बायकामुलांनी गोळ्या ओतल्या. त्यांची नोंदलेली संख्या ४२,०८८ आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागाचा शोध घेणाऱ्या लुइस व क्लार्क यांच्या मोहिमेत (१८०४–०६) दारूचे डबेच शिशाचे होते. एका डब्यात चार पौंड दारू, आणि डब्याचे शिसे आठ पौंड. दारू संपली की डबा वितळवून गोळ्या करायच्या. इतकी विचारपूर्वक केलेली तजवीज क्वचितच आढळते.

१८४९ च्या सुमारास फ्रेंच लष्करी अधिकारी क्लोद-एत्येन मिन्ये यांची तळाशी पोकळ असलेली निमुळती गोळी पुढे आली आणि साच्याला तळपोकळीसाठी तिसरा भाग जोडावा लागला. पुढे लष्करी गोळ्या यंत्राने दाबून होऊ लागल्या व हाताचा साचा शिकारी आणि नेमबाजांपुरता उरला.

भारत : फ्रेंचांनी शिवाजी महाराजांना ८० तोफा व सर्व तोड्याच्या बंदुकांना पुरेल इतके शिसे विकल्याचा उल्लेख इंग्रजी इतिहासलेखनात येतो. कोकणात शेतीरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीच्या बंदुका अजून आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग व तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, आणि उत्पादनास परवाना लागतो.

आधुनिक साचे : १८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी कनेटिकटमध्ये स्थापलेल्या ‘आयडियल’ कंपनीने साचे क्रमांकानुसार विकण्यास आरंभ केला, १९२५ मध्ये ती ‘लायमन’कडे गेली. तरीही मागणीनुसार साचा घडवणारे लहान कारागीर अमेरिकेत टिकून आहेत. गिऱ्हाईक नळीतून मऊ शिशाचा तुकडा ठोकत नेतो, त्यावर उठलेले माप सूक्ष्ममापकाने घेतो व कळवतो. ठोकळे लोखंड, पितळ वा ॲल्युमिनियमचे असतात : लोखंड गंजते, पितळ जड पण ताप धरून ठेवणारे, ॲल्युमिनियम हलके पण लवकर झिजणारे. शिशाची धूळ व मळी विषारी असल्याने हे काम मोकळ्या हवेत, मुलांपासून दूर करतात; पाण्याचा एक थेंब वितळलेल्या शिशात गेला तरी ते उसळून अंगावर येते.