दुधाच्या दातातली जन्मरेघ

खानदेशातल्या एखाद्या जुन्या जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर चाळून बघा. १ जूनला जन्मलेली मुलं पानोपानी भेटतील. गुरुजी जन्मतारीख विचारायचे आणि आई सांगायची, "आखाजीना झोका बांधेल व्हतात, तवय जल्मना." कोणत्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हे मात्र तिलाही नक्की आठवायचं नाही. मग गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते बघायचे आणि अंदाजाने साल ठरवून पुढे १ जून लिहून मोकळे व्हायचे. ती पिढी त्याच तारखेच्या हिशेबाने निवृत्तही झाली.

हे आठवायचं कारण म्हणजे मध्यंतरी मोबाइलवर फिरत असलेला एक मेसेज. 'मुलाचा पडलेला दात फेकू नका, त्यावर त्याची अचूक जन्मतारीख कोरलेली असते.' सोबत मायक्रोस्कोपखाली काढलेला एक फोटो आणि खाली नेहमीप्रमाणे 'आपल्या पूर्वजांना हे सगळं माहीत होतं'. यातलं तारखेचं म्हणणं खोटं आहे. दातात जन्माची खूण असते, हे मात्र शंभर टक्के खरं आहे, आणि ती खूण कशी पडते हे मेसेज लिहिणाऱ्याला कळलं असतं तर त्याला पूर्वजांची साक्ष काढावी लागली नसती.

दातावरून वय ओळखायची कल्पना तशी जुनी. ब्रिटनमध्ये १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालची मुलं कामाला ठेवायला बंदी आली. पण जन्मनोंदीच नव्हत्या, त्यामुळे वय ठरायचं उंचीवरून. उपाशी पोर खुजं दिसतं आणि खात्यापित्या घरचं लवकर वाढतं, हे उघड आहे. १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने पुष्कळ मुलांची तोंडं तपासून तिथल्या संसदेपुढे मांडलं की वय सांगायला उंचीपेक्षा दात जास्त भरवशाचे. त्याने पाहिलं ते तोंडात किती दात आले एवढंच. दाताच्या आत काय दडलंय, हे कळायला आणखी शंभर वर्षं जावी लागली.

दाताचं वरचं पांढरं, कडक आवरण म्हणजे इनॅमल. वजनाने त्याचा जवळजवळ ९६ टक्के भाग खनिज असतो, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचा. ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीच्या आत असतानाच आपलं काम उरकतात आणि दात बाहेर येताना नष्ट होतात. हाड आयुष्यभर मोडत आणि नव्याने बांधलं जात असतं, म्हणून लहानपणीचं हाड म्हातारपणी जसंच्या तसं राहत नाही. इनॅमलमध्ये दुरुस्ती करायला कोणी उरतच नाही. जे बनलं ते बनलं. दात किडला की आपोआप भरून येत नाही, त्याचंही कारण हेच.

या पेशी एका दमात काम करत नाहीत. दिवसाला सुमारे ३ ते ५ मायक्रॉन एवढाच थर चढवतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शरीराच्या चोवीस तासांच्या लयीबरोबर त्यांचा वेग कमीजास्त होतो आणि रोजच्या कामाची एक बारीक आडवी रेघ मागे राहते. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, जुन्या घराच्या भिंतीचा पोपडा निघाला की वर्षानुवर्षांच्या पोताऱ्याचे थर एकावर एक दिसतात, तसंच हे, फक्त पोतारा इथे रोजचा. शिवाय दर काही दिवसांनी एक ठळक रेघ पडते. तिला रेट्झियसची रेघ म्हणतात. दोन ठळक रेघांमधलं अंतर माणसागणिक बदलतं, सहा दिवसांपासून बारा दिवसांपर्यंत. पण एकाच माणसाच्या कायमच्या दातांमध्ये हा आकडा साधारण सारखाच राहतो. म्हणजे रोजच्या रेघा मोजून एकदा कळलं की अमक्याचा आकडा आठ आहे, तर पुढे फक्त ठळक रेघा मोजून आठाने गुणायचं, की तेवढा भाग घडायला किती दिवस लागले ते निघतं.

आता मुख्य गोष्ट. दुधाचे दात बाळाच्या सहाव्या-सातव्या महिन्यात दिसू लागतात, पण त्यांचं बांधकाम गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यातच सुरू झालेलं असतं. तेव्हा बाळाला कॅल्शियम मिळतं ते वारेतून, म्हणजे प्लासेंटातून. वार ते नुसतं झिरपू देत नाही, आईच्या रक्तातून ओढून बाळाकडे ढकलत राहते. इतकं, की बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम आईपेक्षा जास्त असतं. एवढा मुबलक पुरवठा असल्यामुळे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या बाळाच्या पॅराथायरॉइड ग्रंथी जवळजवळ निवांत असतात.

आणि मग नाळ कापली जाते. पुरवठा त्या क्षणी बंद. अंगावरचं दूध सुरुवातीला थेंबाथेंबाने येतं, आतड्यांना कॅल्शियम शोषायची सवय नसते आणि ग्रंथींना जाग यायला वेळ लागतो. पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम खाली उतरतं. धडधाकट, पूर्ण दिवसांच्या बाळातही हे होतं, त्यात काळजीचं काही नाही. ग्रंथी जाग्या होतात, दूध वाढतं आणि काही दिवसांत गाडी रुळावर येते. पण इनॅमलच्या पेशींना तेवढ्या दिवसांत माल पुरत नाही. त्या अडखळतात. त्यांनी घातलेले खनिजाचे बारीक दांडे त्या जागी किंचित वळतात, खनिज कमी बसतं आणि दहा ते वीस मायक्रॉन रुंदीची एक गडद पट्टी तयार होते. केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक. हीच जन्मरेघ. यात श्वास, तापमान, आहार असं सगळंच एका दिवसात बदलण्याचा वाटा किती आणि कॅल्शियमचा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. माझ्या मते मुख्य आरोपी कॅल्शियमच. दंतसंशोधक आयझॅक शाउर यांनी १९३६ मध्ये दुधाच्या दातांत आणि कायमच्या पहिल्या दाढेत ही रेघ सविस्तर दाखवून दिली.

मला यात सगळ्यात आवडतं ते रेघेचं ठिकाण. पुढचे पटाशीचे दात सर्वांत आधी सुरू होतात. जन्माच्या वेळी त्यांचा माथा, म्हणजे पुढे हिरडीबाहेर दिसणारा भाग, बहुतेक बांधून झालेला असतो, म्हणून त्यांच्यातली रेघ खाली, हिरडीच्या बाजूला सापडते. मागची दुसरी दाढ उशिरा सुरू होते. जन्माच्या दिवशी तिचे फक्त शेंडे तयार असतात आणि तिचं इनॅमल पुरं व्हायला पुढे दहा-अकरा महिने जातात, म्हणून तिथे रेघ वरच, शेंड्यांजवळ. वेगवेगळ्या दातांत वेगवेगळ्या उंचीवर, पण दिवस एकच. बाळ सातव्या महिन्यात जन्मलं असेल तर रेघही बांधकामाच्या तेवढ्या आधीच्या टप्प्यावर असते.

रेघेच्या आतला, पोटात असतानाचा भाग बहुधा एकसारखा, स्वच्छ असतो. बाहेरच्या भागात खडबड सुरू होते. मोठं आजारपण किंवा उपासमार झाली की तिथेही ठळक रेघा उमटू शकतात. जन्मरेघेपासून रोजच्या रेघा मोजत गेलं आणि पंचेचाळिसाव्या रेघेशी असा एक गडद पट्टा लागला, तर बाळ दीड महिन्याचं असताना त्याच्या शरीराला मोठा धक्का बसला होता, असं म्हणता येतं. कशाचा धक्का, ते मात्र रेघ सांगत नाही. आणि हे सगळं घरी भिंगाखाली दिसत नाही. दात कापून, कागदाइतका पातळ घासून, मायक्रोस्कोपखाली धरावा लागतो. थोडक्यात, बघायचा तर दात गमवावा लागतो.

मेसेजवाल्याचं चुकतं कुठे, ते आता लक्षात आलं असेल. रेघ सांगते 'इथे जन्म झाला', आणि तिथून पुढचे-मागचे दिवस मोजता येतात. पण तो दिवस कॅलेंडरात कुठे पडतो, हे ती कसं सांगणार? इनॅमलवर ना महिना छापलेला असतो ना साल. साल काढायची एक वेगळी युक्ती मात्र आहे. १९५० नंतर उघड्या हवेत झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातला कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार वाढत गेला, १९६३ च्या सुमारास जवळपास दुप्पट झाला आणि चाचण्या थांबल्यावर हळूहळू उतरला. झाडांतून, अन्नातून तो त्या-त्या वेळी घडत असलेल्या इनॅमलमध्ये बसला आणि तिथेच राहिला. २००५ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दातातला कार्बन-१४ मोजून जन्मसाल साधारण दीड वर्षाच्या फरकाने सांगून दाखवलं. म्हणजे १ जूनवाल्या एखाद्या आजोबांचं साल तपासता येईल. तारीख नाहीच.

त्याच चाचण्यांची दुसरी हकिकत अमेरिकेतली. सेंट लुइस शहरात १९५८ पासून आयांनी मुलांचे पडलेले दात पाकिटात घालून शास्त्रज्ञांकडे पाठवले, सगळे मिळून सुमारे तीन लाख. त्यांत स्ट्रॉन्शियम-९० हा किरणोत्सारी पदार्थ वर्षागणिक वाढताना दिसला. स्ट्रॉन्शियम रसायनाच्या दृष्टीने कॅल्शियमचा भाऊ, म्हणून शरीर फसतं आणि त्याला दातात जागा देतं. १९६३ च्या चाचणीबंदी करारामागे जे लोकमत उभं राहिलं, त्यात या दातांचाही वाटा होता. बेरियमही याच कुटुंबातला. तो वारेतून फारसा जात नाही, दुधातून मात्र येतो. त्यामुळे जन्मरेघेनंतर बेरियम चढतो आणि बाळ अंगावरून सुटलं की उतरतो. २०१३ मध्ये याच पद्धतीने बेल्जियममध्ये सापडलेल्या निअँडर्थल या प्राचीन मानवजातीतल्या एका पोराचं अंगावरचं दूध सव्वा वर्षाच्या आसपास तुटलं, हे कळलं. आपल्याकडे घोड नदीकाठच्या इनामगावात ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांनी मेलेल्या बाळांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत घालून घराच्या जमिनीखाली पुरलेलं आहे. त्या बाळांच्या चिमुकल्या दातांच्या इनॅमलवरच्या खळग्यांचाही अभ्यास झालाय.

दातांभोवतीच्या समजुतींबद्दल थोडं. पडलेला दात कोणी शेणाच्या गोळ्यात घालून घराच्या धाब्यावर टाकतो, कोणी तुळशीत पुरतो. टाका बापडे, कुणाचं काही बिघडत नाही. वरचे दात आधी आले की मामाला जड, हे मात्र ऐकवत नाही. क्रम थोडा मागेपुढे होतोच, मामाचं इनॅमल केव्हाच बनून चुकलेलं असतं. दोन-तीन हजारांत एखादं बाळ जन्मतःच दात घेऊन येतं. तो बहुतेक वेळा दुधाचाच, घाईने आलेला दात असतो. तो सैल नाही ना, दूध पिताना टोचत नाही ना, हे डॉक्टरांना दाखवावं. शांतीपूजेला ब्राह्मण नको.

जिवावर बेतणारी समजूत वेगळीच आहे. 'दात येताहेत, म्हणून जुलाब लागलेत.' दात येताना लाळ गळते, हिरडी शिवशिवते, मूल किरकिरतं, अंग किंचित कोमट लागतं. जोराचा ताप आणि पाण्यासारखे जुलाब दातांमुळे होत नाहीत. सहाव्या महिन्याच्या आसपास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरते, बाळ रांगायला लागतं आणि हाती येईल ते तोंडात घालतं. दात आणि जंतू एकाच वेळी येतात, नाव दाताचं होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या मृत्यूनोंदींतही हजारो बाळांपुढे कारण म्हणून 'दात येणे' असंच लिहिलंय. वैशाखात जळगावचा पारा ४५ ला टेकलेला असताना जुलाबाने सुकणाऱ्या बाळाला 'दात निघाले की थांबेल' म्हणत बसणं फार महागात पडतं. ओआरएस द्या, अंगावर पाजणं चालू ठेवा आणि दवाखाना गाठा.

आणि शिकल्यासवरल्यांची नवी समजूत म्हणजे दुधाच्या दाताची बँक. पडलेल्या दाताच्या गरात मूलपेशी (स्टेम सेल) असतात, हे २००३ मध्ये दाखवलं गेलं आणि ते चांगलं संशोधन आहे. पण 'आज दात जपा, उद्या प्रत्येक रोगावर इलाज' ही जाहिरात त्या संशोधनाच्या फार पुढे धावते. भारताच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी नाळेच्या रक्ताखेरीज इतर कशाच्याही व्यापारी साठवणुकीला परवानगी दिलेली नाही. हप्ते भरण्याआधी एवढं वाचावं.

राहिला प्रश्न दात पडतो कसा. खालचा नवा दात जुन्याला नुसता ढकलून बाहेर काढतो, असं आपण समजतो. प्रत्यक्षात काही खास पेशी आम्ल सोडून जुन्या दाताचं मूळ महिनोन्महिने खालून विरघळवत असतात. म्हणून हातात येतो तो फक्त माथा, बिनमुळाचा. मूळ विरघळलं, तरी इनॅमलमधल्या रेघा शाबूत.

कायमच्या दातांत ही रेघ ठेवणारी दाढ एकच, तीही सगळ्यांत सापडतेच असं नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे येणारी ही दाढ. तिचं इनॅमल जन्माच्या आसपासच सुरू होतं. ती येताना कोणताही दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही, आणि किडली तरी 'दुधाची आहे, पडेल' म्हणून सोडून दिली जाते. ती पडत नाही, काढावी लागते, आणि मग तिच्या जागी दुसरी येत नाही. मूल पहिलीत गेलं की एकदा मोबाइलचा टॉर्च लावून चारही कोपऱ्यांत, अगदी मागे, नवी दाढ दिसते का ते बघा. तिच्या खाचा खोल असतात आणि पोराचा ब्रश तिथपर्यंत पोचत नाही, तेव्हा सातआठ वर्षांचं होईपर्यंत रात्रीचा ब्रश आईनं नाहीतर बापानंच फिरवावा.