लाखेचं पॉलिश: तयार बाटली नको, चपडा घ्या

तंबोरा बघायला गेलं की सगळे भोपळा बघतात, जवारी म्हणजे तारांचा गुंजणारा नाद ऐकतात, पॉलिशकडे मात्र "चमकतंय ना, झालं" एवढंच. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तिथलं जुन्या पद्धतीचं पॉलिश म्हणजे चपडा लाख (लाखेच्या पातळ, कोरड्या पापड्या) स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्याने थरावर थर देत जायचं. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर जगणाऱ्या बारीक किड्यांचा स्राव, आपल्या देशात सगळ्यात जास्त निघते झारखंडात.

आता तयार पॉलिशची मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून लोक घेतात आणि ती वर्षानुवर्षं कपाटात पडून राहते. पण लाख विरघळली की तिच्यातली आम्लं स्पिरिटमधल्या अल्कोहोलशी हळूहळू जोडली जायला लागतात, त्यातून एस्टर बनतात आणि ते मऊ असतात, म्हणून जुनं पॉलिश लावताना छान दिसतं पण दुसऱ्या दिवशीही बोट चिकटतं आणि वर गवसणी घातली तर कापडाची वीण छापली जाते. पत्र्याखालच्या उन्हाळ्यात हे अजून फास्ट होतं. आणि असं पॉलिश वाळेल वाळेल म्हणून थांबून काही होत नाही, स्पिरिटने पुसूनच काढावं लागतं.

कोरडा चपडा खूप जास्त टिकतो, पण कायमचा नाही. उष्णतेने त्याचे रेणू आपापसातच जोडले जातात, मग कितीही स्पिरिट ओता, तळाशी जेलीसारखा गोळा उरतोच. ब्लीच केलेली पांढरी लाख तर सगळ्यात आधी जाते, ती अगदी लागेल तेवढीच घ्यावी. तळाशी नुसतं पांढुरकं गढूळ बसलं असेल तर टेन्शन नको, ते लाखेतलं मेण, साधारण ५ टक्के असतंच, वरचं नितळ ओतून घ्या.

मी तर म्हणेन १०० मिली स्पिरिटला २०-२५ ग्रॅम चपडा, रात्रभर ठेवायचा, तोही काचेच्या बरणीत, कारण लोखंडी डब्यात आम्लामुळे रंग काळवंडतो. झाकण घट्ट हवं, स्पिरिट हवेतलं पाणी ओढतं आणि मग पॉलिशवर पांढरट झाक येते, कोकणात पावसाळ्यात तर हमखास. जवळपास गॅस, दिवा काही नको. बरणीवर तारीख लिहा, आणि सहा महिने उलटले असतील तर वाद्याला हात लावायच्या आधी काचेवर एक थेंब टाकून बघा, दुसऱ्या दिवशी नखाने दाबल्यावर खूण उमटली तर ते पॉलिश वाद्याला लावू नका.