बोटाचा ठसा: तेलाचा की शाईचा?

संग्रहातल्या कॉमिकच्या कव्हरवर बोटाचा ठसा दिसला की हात लगेच खोडरबराकडे जातो. तो आधी आवरा. दिसायला सारखे पण मुळात वेगळे असे दोन ठसे असतात, आणि एकावर चालणारा उपाय दुसऱ्याची पार वाट लावतो.

एक तेलाचा. बोटावरचं तेल आणि घाम कव्हरच्या चकाकीवर बसतात, खालची शाई शाबूत असते. दुसऱ्यात शाईच निघालेली असते. घामेजल्या अंगठ्याने कॉमिक दाबून धरलं की गडद शाई बोटाला चिकटून येते आणि मागे फिकट रेघांचा ठसा उरतो. पुष्कळदा तीच शाई मागच्या पांढऱ्या कव्हरवर उमटते. १९९० च्या ‘स्पायडर-मॅन’ क्रमांक १ ची काळी-चंदेरी आवृत्ती घ्या. त्या काळ्यावर दोन्ही ठसे उठून दिसतात, म्हणून फसगतही तिथेच जास्त.

ओळखायला टेबललॅम्प पुरतो. कॉमिक हळूहळू तिरपं करा. तेलाचा ठसा प्रकाश आडवा पडला की चमकतो आणि समोरून पाहिलं की जवळजवळ नाहीसा होतो. शाई गेलेली असेल तर ठसा समोरूनही तसाच दिसतो. भिंगाखाली त्या रेघांमध्ये रंग विरळ झालेला, कधी खालचा कागद डोकावणारा दिसतो.

तेलाचा ठसा ताजा असेल तर कोरड्या मायक्रोफायबरने किंवा सफाईच्या कोरड्या रबरी स्पंजने, अजिबात जोर न लावता, बराचसा निघतो. आधी कडेला करून पाहा. स्पंजवर रंग आला तर तिथेच थांबा. जास्त घासलं तर चकाकी जाते आणि ठशाच्या जागी मंद डाग येतो. तो ठशापेक्षा वाईट, कारण तो काढता येत नाही. प्रेसिंग, म्हणजे उष्णता आणि दाब देऊन कॉमिकच्या सुरकुत्या सपाट करणं, करायचं असेल तर ही सफाई त्याआधी करा, नाहीतर उष्णतेने तेल कागदात मुरायची भीती असते.

आता ग्रेडिंग. अमेरिकेतली सीजीसी ही कंपनी २००० सालापासून कॉमिक्सना ०.५ ते १० अशी श्रेणी देते. कोरडी सफाई आणि प्रेसिंग यांना ती रिस्टोरेशन, म्हणजे प्रतीची डागडुजी, मानत नाही, त्यामुळे डागडुजी नसलेल्या प्रतीचं निळं लेबल टिकतं. पाण्याने किंवा रसायनाने केलेल्या सफाईला ही सूट नाही. ९.६ आणि ९.८ यांच्या किमतीत मोठी दरी असते, आणि इतक्या वरच्या श्रेणीत तेलाचा पुसट ठसाही नडू शकतो. म्हणून तो काढण्यात अर्थ आहे.

शाईचा ठसा मात्र पुसून जात नाही, कारण पुसायला तिथे काही उरलेलंच नसतं. मग मार्करने काळं भरायचा मोह होतो. मला हा सगळ्यात घातक वाटतो. बाहेरचा रंग भरला की ते रिस्टोरेशन ठरतं, सहसा डागडुजी केलेल्या प्रतीचं जांभळं लेबल लागतं आणि भाव कोसळतो. ठसा तसाच राहू दिला तर श्रेणी थोडी उतरेल, पण लेबल निळंच राहील.