प्रकाशाचा वेग घटतोय का? एका जुन्या शंकेची पार्श्वभूमी

विश्वाचं वय वाढतं तसा प्रकाशाचा वेग बदलत असेल का, ही शंका वाटते तितकी नवी नाही. १९३४ मध्ये गेरी द ब्रे यांनी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात वेग घटत असल्याचा दावा केला, तोही आकडे पुढे ठेवून. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ मायकेलसन यांनी १८७९ मध्ये मोजलेला वेग सेकंदाला २,९९,९१० किमी, न्यूकॉम्ब यांचा १८८२चा २,९९,८६०, तर १९२६ मध्ये पुन्हा मायकेलसन यांचाच २,९९,७९६. दर वेळी खालीच! पुढे कॅलिफोर्नियात मैलभर लांबीच्या नळीतून हवा उपसून प्रयोग झाला. तो चालू असतानाच, १९३१ मध्ये मायकेलसन वारले. पीझ आणि पीअरसन यांनी काम तडीस नेलं. उत्तर आलं २,९९,७७४.

१९४१ मध्ये बर्ज यांनी सगळी मोजमापं चाळून वेग स्थिरच असल्याचा निर्वाळा दिला आणि २,९९,७७६ हा आकडा पक्का केला. निर्वाळा टिकला, आकडा मात्र पडला. १९५० मध्ये इंग्लंडच्या एसेन यांनी सूक्ष्मलहरी वापरून २,९९,७९२.५ काढला. म्हणजे वेग पुन्हा ‘वाढला’! उत्तर मान्य आकड्याच्या आसपास आलं की चुका शोधणं थांबवायचं, ही प्रयोगशाळांची जुनी खोड इथे नडली असावी.

१९८३ मध्ये मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावरून झाली. सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, ना कमी ना जास्त. आता काही फरक दिसलाच, तर तो मीटरच्या खात्यात जमा होणार. म्हणून अभ्यासकांनी मोर्चा वळवला तो एकक नसलेल्या एका संख्येकडे, सूक्ष्मरचना स्थिरांकाकडे. ही संख्या सुमारे १/१३७. तिच्यात प्रकाशाचा वेग, इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि प्लांकचा स्थिरांक गुंफलेले असतात.

मधल्या काळात सिद्धान्तकारही स्वस्थ नव्हते. आकाशाच्या दोन विरुद्ध टोकांकडून येणाऱ्या पार्श्वप्रारणाचं, म्हणजे विश्वाच्या आरंभकाळातून उरलेल्या प्रारणाचं, तापमान जवळजवळ सारखं कसं? एका टोकाकडून दुसऱ्याकडे पोचायला तर प्रकाशालाही वेळ मिळाला नसणार. प्रचलित उत्तर म्हणजे विश्वाचा सुरुवातीचा अतिवेगवान फुगवटा. १९९३ मध्ये मॉफट यांनी आणि १९९९ मध्ये आल्ब्रेख्ट आणि मागेइजो यांनी वेगळी वाट सुचवली: आरंभी प्रकाशच कितीतरी पट वेगवान होता.

पुरावा हवा तर क्वेसारांच्या, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांच्या, वर्णपटात शोधावा लागतो. वाटेतल्या वायूंमुळे उमटणाऱ्या काळ्या रेषांमधली अंतरं सूक्ष्मरचना स्थिरांकावर अवलंबून असतात. १९९९ मध्ये वेब यांच्या गटाने हवाईच्या केक दुर्बिणीवरून, पूर्वी हा स्थिरांक लाखात सुमारे एका भागाने लहान होता, असं सुचवलं. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंशोधन संस्थेतले श्रीआनंद आणि हम चंद यांनी फ्रेंच सहकाऱ्यांसह चिलीतल्या दुर्बिणीवरची २३ उदाहरणं तपासली. २००४ मध्ये त्यांनी सांगितलं, फरक दिसत नाही. वेब यांच्या गटाने त्यांच्या विश्लेषणावर आक्षेप घेतले. वाद बरीच वर्षं रंगला. पुढे दोन्ही दुर्बिणींच्या वर्णपटमापकांतल्या तरंगलांबीच्या मोजपट्टीतच दोष आढळले. २०२२ मध्ये ‘एस्प्रेसो’ या नव्या उपकरणाने एका तेजस्वी क्वेसारच्या प्रकाशात दहा लाखांत सुमारे एका भागापर्यंत अचूक मोजणी केली. फरक सापडला नाही.