मातीच्या पोपटाला कंठ कसा फुटतो?

मातीचं एक जोडभांडं असतं. एका बाजूला उंच तोंडाची बाटली, दुसऱ्या बाजूला बंद कप्पा आणि त्यावर बसलेला पोपट, माकड नाहीतर बासरी वाजवणारा माणूस. भांडं कलतं केलं की पोपट शीळ घालतो. पेरूतल्या या भांड्यांचे व्हिडिओ अधूनमधून फिरतात आणि त्याखाली ठरलेली ओळ असते : ‘विज्ञानालाही न उलगडलेलं गूढ’. हे कोडं कधीच उलगडलेलं आहे आणि त्याचं उत्तर अतिशय देखणं आहे.

इक्वेडोरच्या चोरेरा संस्कृतीत अशी भांडी इसवी सनापूर्वीच घडत होती. पुढे पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर विकूस, मोचे आणि चिमू या जुन्या संस्कृतींच्या कुंभारांनी त्यांत कमाल केली. त्यांच्याकडे चाक नव्हतं, ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप नव्हता. मोचे कुंभार दोन अर्ध्या साच्यांत माती दाबून आकार काढत; चिमूंची काळीभोर भांडी धुरात कोंडून भाजलेली असत. आजचे कुंभार याच जोडभांड्यावर कोंबड्या, हत्ती, ढेरपोटे बेडूक बसवतात. यंत्रणा तीच राहते.

दोन्ही कप्पे तळाशी नळीने जोडलेले असतात. वरचा पूल फक्त धरायला. बाटलीच्या तोंडातून निम्मं पाणी भरायचं. पोपटाची बाजू खाली झुकवली की पाणी तिकडे धावतं आणि तिथली हवा कोंडते. तिला बाहेर पडायला एकच वाट असते, पोपटाच्या डोक्यातली शिट्टी. दोन्हीकडच्या पातळीत ३ सेंमी फरक पडला तर दाब होतो सुमारे ३०० पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम ०.३ टक्के. पण हवा इतकी हलकी, की एवढ्याशा दाबानेही ती शिट्टीच्या अरुंद फटीतून सेकंदाला २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने सुटते.

शिट्टी म्हणजे एक पोकळ गोळी आणि तिला एक भोक. फटीतून आलेला चपटा झोत भोकावरून जाऊन पलीकडच्या धारदार कडेवर आदळतो. थोडा आत शिरला की गोळीतला दाब वाढतो आणि झोत बाहेर ढकलला जातो. बाहेर गेला की दाब उतरतो आणि तो पुन्हा आत ओढला जातो. ही ये-जा किती वेगाने होणार ते गोळीच ठरवते. भोकातली हवा म्हणजे वजन, गोळीतली हवा म्हणजे स्प्रिंग. हाच शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झचा अनुनादक, म्हणजे आपल्या ठरावीक सुरालाच घुमणारी पोकळी. गोळीचं घनफळ आणि भोकाची परिणामी लांबी यांच्या गुणाकाराने भोकाच्या क्षेत्रफळाला भागायचं. याचं वर्गमूळ काढायचं, ध्वनीच्या वेगाने गुणायचं आणि २π ने भागायचं. भोकाच्या दोन्ही अंगांची थोडी हवाही सोबत हलते, म्हणून ४ मिमी जाडीच्या भिंतीला परिणामी लांबी ९ मिमी धरावी लागते. गोळी आतून २० मिमी आणि भोक ६ मिमी व्यासाचं असेल तर साधारण १,५०० हर्ट्झ येतात. गोळी १५ मिमीची केली तर २,३००.

या सूत्रात पोपट कुठेच नाही! पट्टी गोळीची, भांड्याची नव्हे. म्हणून कुंभाराला बाहेरचा आकार हवा तसा खेळवता येतो. डोक्याची पोकळी आवाज थोडा बदलते, तेवढंच. कान-डोळ्यांची भोकं मात्र मोकळी ठेवावीत, नाहीतर शीळ गुदमरते. नळीतून हवेचे बुडबुडे शिरले तर सुराला गिरकी येते, जत्रेतल्या पाणी भरलेल्या चिमणीच्या शिट्टीसारखी.

या भांड्यांचा आवाज ‘चेतना जागृत करतो’ असं सांगून ती महागात विकली जातात. दोन भांडी एकदम वाजली की डोक्यात घुमणारा खर्ज खरोखर ऐकू येतो; पण २,३०० आणि २,२०० हर्ट्झ एकत्र आले की फरकाचा १०० हर्ट्झचा सूर आपल्या अंतर्कर्णातच तयार होतो. त्याने कुठला रोग बरा होत नाही.

करून बघणाऱ्यांचा सगळा घोळ फटीत होतो. फट ४ × १ मिमी ठेवावी. सेकंदाला २० मीटर वेग धरला तर तिच्यातून दर सेकंदाला ८० घन सेंमी हवा जाते, म्हणजे २०० मिली पाणी सरकलं तर अडीच सेकंद शीळ. फट दुप्पट केली की शीळ निम्मी. तळाची नळी आतून किमान १५ मिमी हवी. ८ मिमीची केली तर सगळा दाब नळीतच खर्च होतो आणि शिट्टी उपाशी राहते. शिट्टी आधी वेगळी करून, ओली असतानाच फुंकून पाहायची, पण हळू. तोंडाने जोरात फुंकून वाजलेली शिट्टी भांड्यात मुकी राहते, कारण पाण्याचा जोर तोंडाच्या मानाने फार कमी. स्ट्रॉ पाण्यात ३ सेंमी बुडवून बुडबुडे काढायला जेवढा जोर लागतो, तेवढ्यातच ती वाजली पाहिजे. नाही वाजली तर भोकाची पलीकडची कड तासून पातळ करायची आणि झोत नेमका तिच्यावर येईल अशी फट वळवायची.

सांध्याला चरे पाडून, पाण्यात कालवलेली पातळ माती लावूनच कप्पे जोडावेत. सुईएवढं, १ मिमीचं भोक राहिलं तरी फटीच्या मानाने पाचवा हिस्सा हवा तिथून पळते. माती सुकून-भाजून साधारण १० टक्के आक्रसते, त्यामुळे सूरही जवळजवळ तेवढाच चढतो. दोन भांडी जुळवायची असतील तर एकाच मातीची, एकाच भट्टीत भाजावीत. ग्लेझ शिट्टीपासून लांब ठेवावं, वितळून कड बोथट करतं.

आणि पोकळ भांडं ‘आत अडकलेल्या हवेने’ भट्टीत फुटतं हा समज सोडून द्यावा. फोडते ती जाड भागात उरलेल्या पाण्याची वाफ. पोपटाचं डोकं, जिथे गोळी आणि बाहेरची भिंत एकमेकींना चिकटतात, तेच सगळ्यात शेवटी सुकतं. ते हाताला गार लागत असेल तोवर भांडं भट्टीत ठेवू नये.