मार्गरीट डेझी की शास्ता डेझी? फूल नाही, पान बघा

पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळी टिकली, की झालं, सगळे त्याला डेझी म्हणून मोकळे होतात. पण मार्गरीट आणि शास्ता ही दोन वेगळी झाडं आहेत, आणि फुलावरून ओळखायला गेलात तर हमखास फसाल. खरा फरक पानात आणि खोडात आहे.

मार्गरीटचं शास्त्रीय नाव आर्जिरॅन्थेमम फ्रुटेसेन्स. ही मूळची कॅनरी बेटांवरची, म्हणजे आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर अटलांटिकमधे जी ज्वालामुखीची बेटं आहेत ना, तिथली. हिची सगळी भावंडं पण कॅनरी, मदेइरा आणि मधल्या छोट्या सेल्वाजेन्स बेटांवरचीच, जंगली अवस्थेत ती दुसरीकडे कुठे नव्हतीच. पूर्वी हिला शेवंतीच्याच वंशात धरायचे म्हणून जुन्या पुस्तकांत क्रिसॅन्थेमम फ्रुटेसेन्स असं नाव दिसतं, तीच ही.

शास्ता मात्र माणसाने बनवलेली. कॅलिफोर्नियात झाडांच्या नव्या जाती तयार करणाऱ्या ल्यूथर बरबँकने बरीच वर्षं संकर करत करत ती तयार केली आणि 1901 मधे बाजारात आणली. त्यात युरोपातल्या डेझी आहेत आणि जपानची निप्पॉन डेझी पण आहे.

आता पान हातात घ्या. मार्गरीटचं पान बारीक कातरलेलं असतं, गाजराच्या पाल्यासारखं, आणि रंग जरा राखाडी-निळसर हिरवा. शास्ताचं पान लांबट, जाडसर, गडद हिरवं, कडेला दातेरी, पण आतपर्यंत चिरलेलं नाही. मग बुंध्याशी बघा. मार्गरीट झुडूप आहे, खालचं खोड लाकडासारखं होतं आणि फांद्या फुटत फुटत गोल घुमट तयार होतो. शास्ताला लाकूड नाहीच, जमिनीलगत पानांचा झुबका आणि त्यातून सरळ दांडे वर येतात, बहुतेक एका दांड्याला एकच मोठं फूल. एक गंमत म्हणजे ती निप्पॉन डेझी पण बुंध्याशी लाकडी होते, त्यामुळे नुसतं खोड बघून निकाल देऊ नका, तिचं पान जाड आणि चकचकीत असतं, चिरलेलं नसतं.

रंगाची मदत एकाच बाजूने होते. गुलाबी किंवा ठळक पिवळी असेल तर मार्गरीट असायची शक्यता जास्त, पांढरी असेल तर काहीच सिद्ध होत नाही.

हे सगळं एवढं का सांगतोय, तर कात्री हातात घेतल्यावर हाच फरक महागात पडतो. शास्ता फुलून गेली की दांडे पार जमिनीपर्यंत कापले तरी चालतात, खालच्या झुबक्यातून ती परत येते. मार्गरीटला तसं कापलं आणि नुसतं उघडं लाकूड उरलं तर त्यातून नवीन फुटवा बहुतेक येतच नाही, झाड गेलं समजा. तिला हिरवा भाग ठेवून वरवर छाटायचं, लहानपणापासून शेंडे खुडत राहायचं, वाळलेली फुलं काढायची, की आकारही राहतो आणि कळ्याही येत राहतात.

थंडीचंही तसंच आहे. शास्ता बर्फातही जमिनीखाली जिवंत राहते, मार्गरीटला कडक हिमतुषार सोसत नाही, म्हणून थंड मुलखात तिला कुंडीत ठेवून हिवाळ्यात आत घेतात. पण फार उन्हाळाही तिला आवडत नाही, कडक तापमानात ती फुलायची थांबते, मग लोक खत ओततात! खत नको, थोडी सावली द्या, गारवा आला की परत कळ्या धरते. बाकी दोघींना ऊन हवं आणि पाणी साचणारी माती नको.

रोपं वाढवायची पद्धत पण वेगळी. शास्ताचा झुबका दर दोन-तीन वर्षांनी उपटून फोडायचा आणि तुकडे लावायचे, नाहीतर मधला भाग मरतो. मार्गरीट अशी फोडता येत नाही, लाकडी बुंधा एकच असतो ना. तिच्या न फुललेल्या कोवळ्या शेंड्याच्या कटिंग लावायच्या, मुळं पटकन धरतात, आणि ते करावंच, कारण काही वर्षांत जुनं झाड खालून उघडं आणि बेढब होत जातं. बियांपासून तोच रंग, तोच आकार मिळेल असं मात्र समजू नका, नावाजलेल्या जाती कटिंगनेच जपतात.